जेकब रीस : मुलांच्या मैदानांसाठी झटलेला बातमीदार

शाळेस लागून खेळाचे पटांगण असावयाचेच, अशी आमच्या बालवाचकांची समजूत असते. मधल्या सुट्टीची घंटा होताच पायऱ्या उतरून धावत सुटणारा मुलगा ते पटांगण तेथे कोणी व कसे आणले, ह्याचा विचार करीत नाही. आणि त्याने तो त्या वेळी करूही नये. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूयॉर्कसारख्या संपन्न नगरात हजारो मुलांच्या वाट्यास खेळावयास रस्त्यावाचून दुसरी जागा नव्हती, आणि रस्त्यात चेंडू खेळला म्हणून पोलिस त्यांना धरून नेत असत. ह्या मुलांकरिता सार्वजनिक तिजोरीतून पैसा खर्च व्हावा म्हणून ज्या एका गृहस्थाने लोकनियुक्त प्रतिनिधी, मेयर व निरनिराळी सरकारी खाती ह्यांची दारे वर्षानुवर्षे ठोठावली, त्या जेकब रीस ह्यांचे चरित्र आम्ही येथे देत आहोत. रीस हे आमदार नव्हते, धनिक नव्हते, वकीलही नव्हते. ते वर्तमानपत्राचे पोलिस बातमीदार होते.

जेकबचा जन्म ३ मे १८४९ रोजी डेन्मार्क देशातील रीबे ह्या जुन्या गावी झाला. वडील शाळामास्तर असून गावच्या वर्तमानपत्रात लिहीत असत. घरात मुले पुष्कळ व पगार बेताचा. वडिलांची इच्छा मुलाने लेखनाच्या मार्गास लागावे अशी होती. मुलाने मात्र सुताराचा धंदा पत्करला. ह्या बालपणातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गावात मोडक्यातोडक्या घरांचा एक वाडा होता व त्यात अत्यंत दरिद्री माणसे राहात. नाताळात जेकबच्या हाती थोडासा पैसा आला, तो त्याने तेथील एका कुटुंबास देऊन टाकला. पण देताना अट घातली की ह्यातून घराची झाडलोट व मुलांची स्वच्छता झाली पाहिजे. दहाबारा वर्षांच्या मुलाने दान करताना अटी घालाव्यात, ह्याचे आमच्या काही पालकांस हसू येईल. पुढे प्रौढपणी त्यांनी जे केले ते मात्र ह्याच तऱ्हेचे होते : दया करावयाची, आणि तिच्याबरोबर केराची व्यवस्थाही लावावयाची.

कोपनहेगन येथे सुतारकाम शिकून जेकब गावी परतला, तेव्हा एलिझाबेथ नावाच्या मुलीस त्याने मागणी घातली. ती सधन घरची; तिने नकार दिला. ह्या निराशेत १८७० साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो आगबोटीने अमेरिकेस गेला. जवळ चाळीस डॉलर होते. पुढची काही वर्षे अतिशय हलाखीत गेली. कधी सुतारकाम, कधी विटांच्या भट्टीवर मजुरी, कधी नुसती उपासमार. त्याच वर्षी पावसाळी थंडीच्या एका रात्री दुसरा आसरा नाही म्हणून तो पोलिस चौकीतील निराधारांच्या खोलीत निजावयास गेला. वाटेत मागे लागलेले एक लहानसे कुत्रे त्याच्याबरोबर होते. त्यास आत येऊ दिले नाही. रात्रीत कोणी तरी गळ्यातील सोन्याचे पदक चोरले. तक्रार केली, तेव्हा चोराचा शोध दूरच राहिला, उलट ह्यासच खोटा ठरवून बाहेर काढण्यात आले. दारात वाट पाहात बसलेले कुत्रे धन्याच्या कैवाराने पहारेकऱ्यास चावले, आणि त्या मनुष्याने ते पायरीवर आपटून ठार केले. ही रात्र जेकब रीस जन्मभर विसरले नाहीत. पंचवीस वर्षांनी त्या खोल्या कशा बंद झाल्या, ते पुढे येईल.

हळूहळू दिवस पालटले. रीस ह्यांस वर्तमानपत्रात काम मिळाले. ब्रुकलिनमधील एक लहानसे पत्र त्यांनी विकत घेऊन चालविले व फायद्यात विकलेही. ह्याच काळात एका मेथडिस्ट उपदेशकाच्या व्याख्यानाने त्यांचे मन परमेश्वराकडे वळले. तेव्हा वर्तमानपत्र सोडून आपण सुवार्तेच्या कामास वाहून घ्यावे असा त्यांनी बेत केला. परंतु त्या उपदेशकानेच त्यांना परावृत्त केले. उपदेशक पुष्कळ आहेत, देवास वाहिलेल्या लेखण्यांची मात्र जगाला वाण आहे, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. तो सल्ला रीस ह्यांनी मानला. १८७६ साली ते रीबेस गेले आणि पूर्वी नकार देणाऱ्या एलिझाबेथशीच त्यांचा विवाह झाला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या ट्रिब्यून पत्राचे पोलिस बातमीदार म्हणून त्यांची नेमणूक झाली. मलबरी नावाच्या रस्त्यावर पोलिसांच्या मुख्य कचेरीसमोर त्यांची लहानशी कचेरी होती.

त्या काळचे न्यूयॉर्क कसे होते, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. युरोपातून दररोज आगबोटी भरभरून माणसे येत. त्यांतील गरीब लोक शहराच्या दक्षिण भागातील पाचपाच, सहासहा मजली चाळींत राहात. आमच्या मुंबईकर पालकांस चाळ म्हणजे काय ते सांगावयास नको. परंतु ह्या चाळींतील पुष्कळशा खोल्यांना खिडकी म्हणून नसे, आणि पुढच्या इमारतीच्या मागच्या अंगणात दुसरी इमारत चढविलेली असे. पूर्वेकडील एका वॉर्डात तर दर एकरास ५०० हून अधिक माणसे राहात होती. शहरात सेंट्रल पार्क नावाचे भव्य उद्यान होते खरे. पण ते उत्तरेस मैलोगणती दूर. तेथे जाण्यायेण्यास जे भाडे पडे ते ह्या मुलांच्या आईबापांस परवडणारे नव्हते. तात्पर्य, उद्यान नकाशात होते, मुलांच्या आयुष्यात नव्हते.

रीस रात्री दोन ते चार ह्या वेळात घरी जाताना मुद्दाम ह्या वस्तीतून पायी जात. मलबरी रस्ता जेथे वळण घेतो तेथील चाळींचा पुंजका सर्वांत वाईट म्हणून प्रसिद्ध होता. जे डोळ्यांनी पाहिले ते लिहून काढावे, तर लोक वाचीत आणि विसरून जात. अंधारातील ते दृश्य दाखवावयाचे कसे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमच्या भुकटीचा लखलखाट करून काळोखात छायाचित्र घेण्याची युक्ती निघाल्याचे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी ती उचलली. ही भुकटी धोक्याची असे. एकदा आंधळ्या भिकाऱ्यांच्या खोलीत चित्र घेताना भिंतीवरील चिंध्यांनी पेट घेतला व रीस ह्यांनी एकट्याने ती आग विझविली. काचेवरील ही चित्रे जादूच्या कंदिलाच्या साहाय्याने पडद्यावर दाखवून त्यांनी १८८८ पासून व्याख्याने देण्यास आरंभ केला. आश्चर्य हे की, ज्या मंडळीत ते स्वतः सेवक होते तिनेच प्रथम आपल्या मंदिरात ती चित्रे दाखविण्यास नकार दिला. गलिच्छ वस्तीची चित्रे प्रार्थनामंदिरात नकोत, ही भावना आम्ही समजू शकतो. परंतु ती योग्य होती असे आम्हांस वाटत नाही. सुदैवाने दुसऱ्या मंडळींनी आपली दारे उघडली. १८९० साली त्यांचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. शहराचा दुसरा अर्धा भाग कसा जगतो, हे त्यात सांगितले आहे.

त्याच सुमाराची एक लहानशी हकिकत. रीस शहराबाहेर राहावयास गेले होते व तेथून कामावर येताना मुलांनी शेतातून खुडून दिलेली रानफुले घेऊन येत. आगबोटीचा धक्का सोडून ते कचेरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच वस्तीतील मुले त्यांना गराडा घालीत आणि एकेका फुलासाठी हात पसरीत. ज्यांना फूल मिळत नसे ती रडत. रीस ह्यांनी वर्तमानपत्रांत पत्र लिहून बाहेरगावाहून रोज कामावर येणाऱ्या लोकांस फुले आणण्याची विनंती केली. परिणाम असा झाला की, त्यांच्या कचेरीत फुलांच्या टोपल्या व पिंपे येऊन पडली, आणि त्या वाटता वाटता पोलिसांचीही तारांबळ उडाली. कोणी म्हणेल, भुकेल्या मुलास फूल देऊन काय होणार? परंतु रीस ह्यांस त्या रडण्यात एक निराळी भूक दिसली, व ती भागविण्यास फुले पुरणार नाहीत, जमीनच पाहिजे, हेही दिसले.

आता जमिनीची गोष्ट. न्यूयॉर्क शहर आपल्या मनाने घरे पाडून उद्यान करू शकत नसे. त्यास संस्थानच्या आल्बनी येथील कायदेमंडळाची परवानगी लागे. १८८७ साली, एब्राम ह्युइट हे मेयर असता, कायदेमंडळाने लहान उद्यानांचा कायदा केला. त्या कायद्याने दाट वस्तीत जागा घेऊन उद्याने करण्यासाठी शहराने वर्षास दहा लाख डॉलरपर्यंत खर्च करावा अशी मोकळीक दिली. ऐकणाऱ्यास वाटेल, झाले, मुलांना उद्याने मिळाली! परंतु कायद्यात एक खोच होती. त्या वर्षाची रक्कम त्या वर्षी खर्च झाली नाही तर ती पुढील वर्षी वापरता येत नसे. घरमालक हरकती घेत, किमतीवरून वाद चालत, नेमलेले पंच सावकाश बसत. आणि वर्ष संपले की रक्कम बुडाली. अशी अनेक वर्षांची रक्कम मुलांचा एक झोपाळाही न टांगता निघून गेली. कायदा होणे आणि काम होणे ह्यांत किती अंतर असते, हे रीस ह्यांनी तेव्हा ओळखले, व येथून पुढे त्यांनी ह्या अंतरावरच पहारा ठेवला.

मलबरीच्या वळणावरील चाळी पाडून तेथे उद्यान करावे असे १८८८ साली ठरले. रीस आरोग्यखात्यातील मृत्यूंच्या नोंदी व पोलिसांच्या गुन्ह्यांच्या नोंदी काढून चौकशीस हजर होत, छायाचित्रे पुढे ठेवीत. शहराने जागा ताब्यात घेतली. पण चाळी पाडण्याऐवजी शहर स्वतःच मालक होऊन त्या कोंदट खोल्यांचे भाडे वसूल करू लागले! रीस ह्यांनी वर्तमानपत्रात ह्याचा बभ्रा केला, तेव्हा अखेर १८९५ च्या सुमारास चाळी जमीनदोस्त झाल्या. तरीही उद्यान होईना. मोकळी जागा तशीच पडली. तळघरांचे खड्डे उघडे, कडेला गाडीवाल्यांनी आपल्या मालगाड्या लावून ठेवलेल्या. मुलांना खेळावयास दुसरे काय होते? ती त्या गाड्यांशी खेळू लागली. एके दिवशी काही मुलांनी ढकललेली गाडी त्यांच्यासह खड्ड्यात कोसळली, आणि ती मुले तिच्याखाली चिरडली गेली.

ह्या प्रसंगी रीस ह्यांनी जे केले ते आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वांत चतुर कृत्य होय. त्यांनी केवळ संतापाचा लेख लिहून समाधान मानले नाही. आरोग्यखात्याच्या नियमाप्रमाणे, जी जागा आरोग्यास अपायकारक व जीवितास धोकादायक असेल तिच्या मालकाविरुद्ध कोणत्याही नागरिकास तक्रार करता येई. रीस ह्यांनी रीतसर तक्रारअर्ज लिहिला आणि मालक म्हणून प्रत्यक्ष न्यूयॉर्क शहराचे नाव घातले. खात्याचे निरीक्षक गेले, त्यांनी जागा पाहिली, आणि ती उपद्रवकारक असल्याचा दाखला देण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. मग मात्र कामास वेग आला. कॅल्व्हर्ट व्हॉक्स ह्या नामांकित उद्यानरचनाकाराच्या आराखड्याप्रमाणे सुमारे तीन एकरांचे उद्यान सिद्ध झाले; शहरास खर्च सुमारे पंधरा लाख डॉलर आला.

हिरवळ नुकतीच लावलेली असता रीस ती पाहावयास गेले. ज्या भूमीसाठी इतकी वर्षे भांडलो तीवर पाय ठेवावा म्हणून ते आनंदाने गवतावर उतरले, तोच पोलिसाची छडी पाठीत बसली व गवतावरून निघून जाण्याचा हुकूम झाला. १५ जून १८९७ रोजी उद्यान लोकांस खुले झाले. समारंभाचे निमंत्रण रीस ह्यांस कोणी पाठविले नव्हते. ते लिंकन स्टेफन्स ह्या बातमीदार मित्रासह गर्दीत मागे उभे होते. भाषणे चालू असता रस्ते-सफाई खात्याचे प्रमुख कर्नल वेअरिंग ह्यांनी हे कोणाच्या श्रमाचे फळ ते सांगितले आणि रीस ह्यांच्या नावाने तीनदा जयघोष करविला.

मलबरीचे वळण हे एक उद्यान झाले. परंतु रीस ह्यांचे लक्ष शाळांकडे अधिक होते. शाळा सर्वत्र असते, मुले रोज तेथे जातात, तेव्हा शाळा आणि मैदान ही एकत्रच असली पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. १८९४ साली चाळींच्या चौकशीसाठी कायदेमंडळाने रिचर्ड वॉटसन गिल्डर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या कामी रीस ह्यांचे साहाय्य होते. समितीच्या शिफारशींवरून १८९५ साली जे कायदे झाले त्यांत दोन गोष्टी आमच्या विषयाच्या आहेत. पूर्वेकडील दाट वस्तीत शहराने निदान दोन लहान उद्याने खेळाच्या सोयींसह केलीच पाहिजेत, ही एक. दुसरी अशी की, ह्यापुढे न्यूयॉर्क शहरात उघड्या पटांगणावाचून एकही सार्वजनिक शाळा बांधली जाऊ नये. पहिल्या कायद्यात मोकळीक होती; ह्यात सक्ती होती. ‘शहरास करता येईल’ आणि ‘शहराने केले पाहिजे’ ह्या दोन क्रियापदांत किती फरक आहे, हे आमच्या व्याकरणाच्या वर्गास ह्या उदाहरणावरून चांगले कळावे.

जागा महाग, तेव्हा पटांगण आणावयाचे कोठून? शाळाखात्याचे मुख्य स्थापत्यकार स्नायडर ह्यांनी इमारती अशा बांधल्या की, दोन बाजूंच्या पाख्यांमध्ये दोन्ही अंगांस उघडी अंगणे राहावीत. आणि जेथे तेही शक्य नव्हते तेथे गच्चीलाच कठडा व जाळी लावून तिचे मैदान केले. उन्हाळ्याच्या संध्याकाळी अशा काही गच्च्यांवर बँड वाजे आणि वस्तीतील मुलेमुली तेथे फेर धरीत. रीस ह्यांनी ह्या गच्च्यांविषयी मोठ्या प्रेमाने लिहिले आहे.

१८९७ साली मेयर स्ट्राँग ह्यांनी लहान उद्यानांविषयी सल्ला देण्यास समिती नेमली. अध्यक्ष ते माजी मेयर ह्युइट, आणि चिटणीस जेकब रीस. कोठे जागा घ्यावी, ह्याचा शोध घेत त्यांनी ती वस्ती पुन्हा पायाखाली घातली. दोन उद्यानांपैकी हॅमिल्टन फिश उद्यान १९०० साली उघडले. ते शोभेचे, फुलझाडांचे केले होते. मुलांची झुंड लोटल्यावर ते टिकले नाही व लवकरच त्याची पुनर्रचना करून खेळास अधिक जागा द्यावी लागली. आराखडा काढणाऱ्यांनी मुलांस विचारले असते तर हा खर्च वाचला असता! दुसरे सीवर्ड उद्यान. तेथील जुनी घरे पाडल्यावर लिलियन वॉल्ड, चार्ल्स स्टोव्हर इत्यादिकांच्या संस्थेने लोकवर्गणीतून खेळाची साधने मांडून मैदान चालवून दाखविले, आणि मग शहराने ते आपल्या खर्चाने बांधून १९०३ साली खुले केले. नगराने कायम स्वरूपाचे बांधलेले अमेरिकेतील पहिले क्रीडांगण ते हेच, असे मानले जाते.

रीस ह्यांच्या ह्या धडपडीत थिओडोर रूझवेल्ट ह्यांचे मोठे पाठबळ होते. ग्रंथ वाचून रूझवेल्ट स्वतः त्यांच्या कचेरीत गेले. रीस तेथे नव्हते, तेव्हा आपण साहाय्यास आलो आहोत अशा अर्थाच्या दोन ओळी कार्डावर लिहून ठेवून ते परतले. १८९५ साली रूझवेल्ट पोलिसमंडळाचे अध्यक्ष झाले, आणि दोघे मित्र रात्री शहरात हिंडू लागले. एका रात्री रीस त्यांना त्या जुन्या चौकीत घेऊन गेले व कुत्र्याची हकिकत त्यांनी तेथेच सांगितली. १८९६ साली निराधारांच्या त्या खोल्या बंद झाल्या. पुढे रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. १९०६ साली अमेरिकेत क्रीडांगणांच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संघ स्थापन झाला, त्याचे सन्माननीय अध्यक्ष रूझवेल्ट व सन्माननीय उपाध्यक्ष रीस होते.

चरित्रनायकाचे दोष झाकणे हे चरित्रकाराचे काम नव्हे. रीस स्वतः परदेशातून आलेले गरीब. तरी इटालियन, यहुदी, चिनी व कृष्णवर्णी लोकांविषयी त्यांच्या ग्रंथात जी सरसकट विधाने आहेत ती आज वाचवत नाहीत. चाळी पाडल्या, पण तेथील माणसे कोठे गेली, ह्या प्रश्नाकडे त्यांनी द्यावे तितके लक्ष दिले नाही. ती बहुधा जवळच्याच दुसऱ्या चाळींत गर्दी करून राहिली असतील.

१९०५ साली एलिझाबेथ वारल्या. रीस ह्यांनी पुढे दुसरा विवाह केला. हृदयविकाराने शरीर थकले असताही ते व्याख्यानांसाठी गावोगाव प्रवास करीतच होते. २६ मे १९१४ रोजी मॅसॅच्युसेट्समधील बॅरे येथे आपल्या शेतावर ते मरण पावले. त्यांची छायाचित्रे कित्येक वर्षे अडगळीत पडून होती. अलेक्झांडर अलँड ह्या छायाचित्रकाराने पाठपुरावा केल्यावर त्या काचा त्यांच्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडल्या, आणि १९४७ साली न्यूयॉर्कच्या वस्तुसंग्रहालयात त्यांचे प्रदर्शन झाले. मलबरीच्या वळणावरील उद्यानास १९११ पासून कोलंबसाचे नाव आहे. ते आजही तेथे आहे, आणि चिनी वस्तीतील मुले तेथे खेळतात. बॅरेच्या दफनभूमीत रीस ह्यांच्या थडग्यावर एक ओबडधोबड शिळा ठेवलेली आहे. तीवर नाव कोरलेले नाही.